माईची खानावळ, परभणी: भाकरी, शेंगोळे आणि निळी वही

वसमत रोडवरून गल्लीत वळलं की तिसऱ्या घराच्या दारात चपलांचा ढीग दिसतो. तीच खानावळ. पाटी नाही, कधी नव्हती. पोरं 'माईकडं' म्हणतात आणि ऑटोवाल्याला तेवढं सांगितलं तरी पुरतं. भिंतीवर किराणा दुकानाचं कॅलेंडर आणि खडूनं लिहिलेली एकच सूचना: खाडा आदल्या रात्री सांगावा.

आधीच सांगून टाकतो, मी निःपक्षपाती नाही. कोर्टात ज्याला हितसंबंधी साक्षीदार म्हणतात तो मी. 1998 साली बीएच्या पहिल्या वर्षाला असताना इथं जेवायला लागलो. कबड्डी खेळायचो, उजव्या कोपऱ्यात. आज जिल्हा न्यायालयात वकिली करतो आणि बुधवारी दुपारी तारखा आटोपल्या की अजूनही इथंच येतो. त्यामुळं मी स्टार किती दिलेत ते बघू नका, खाली काय लिहिलंय ते वाचा.

जेवणाचं आधी. एका वेळचं ताट 90 रुपये, महिन्याची मेस दोन वेळची 2,900. रविवारी रात्री बंद. चार खाडे माफ, पाचव्यापासून माफी नाही. भाकरी ज्वारीची, हातावर थापलेली, आणि ताटात येईपर्यंत तिचा पापुद्रा फुगलेलाच असतो. ज्वारी कुठली म्हणून विचारलं तर माई सांगते 'परभणी मोती', आपल्याच कृषी विद्यापीठाचं वाण. पांढरीशुभ्र, गोडसर, दुधात कुस्करली तरी चव उतरत नाही. सोबत येसराची आमटी. लग्नाच्या पंगतीत जी आमटी वाढतात तीच, पण पंगतीत ती पातळ होत जाते, इथं शेवटच्या मेंबरालाही घट्ट मिळते. येसर माई घरीच भाजून दळते, त्या दिवशी गल्लीभर वास असतो. शेंगदाण्याची चटणी उखळातली. अंबाडीची भाजी दिसली तर दुसरं काही मागू नका. बुधवारी दुपारी शेंगोळे असतात, ज्वारी-बेसनाचे, लसूण ठेचून, वरून करडईचं कच्चं तेल. मी तीन वाट्या खातो आणि मग युक्तिवादाच्या वेळी न्यायाधीशांसमोर जांभई आवरतो.

उणं काय? चपाती घेऊ नका, गार झाली की चपलेच्या तळव्यासारखी होते. भात कायम जास्त शिजलेला. मे महिन्यात पत्र्याखाली बसून जेवणं ही शिक्षा आहे, पंखा आहे पण तो गरम वाराच ढवळतो. पाणी दारातल्या स्टीलच्या पिंपातलं, चांगलं असतं, पण पिंपाची तोटी गळते आणि हात धुणारा प्रत्येक जण त्या चिखलात पाय देतो. एक स्टार तिथंच गेला.

आता वहीचं.

माईच्या वह्या दोन. लाल वही मेंबरांची: नाव, गाव, जमा, बाकी. निळी वही मैदानाची. तिच्यात रुपये कुठंच नाहीत, नुसती नावं आणि नावांपुढं दोन वेळच्या खुणा. कबड्डी, खो-खो, कुस्तीची पोरं त्यात. महिना संपला की कॉलेजचा माणूस एम-80 वर यायचा, खुणा मोजायचा, पाकीट द्यायचा आणि पावती न घेता जायचा. पावती घेऊन करणार काय? कॉलेजच्या दप्तरात आमची जेवणं कधी 'चेंडू व जाळी' व्हायची, कधी 'पाहुण्यांचे चहापान'. कबड्डीला चेंडू लागत नाही हे ऑडिटरला कुणी सांगितलं नसावं.

मी जिंतूर तालुक्यातल्या खेड्यातला. माझा प्रवेश दुसऱ्याच कॉलेजात झाला होता. गावच्या जत्रेतला सामना बघून एक सर घरी आले, आईनं दिलेला चहा प्याले आणि बापूंना म्हणाले, पोरगं आमच्याकडं द्या. फी माफ, मेस फुकट, मोसमाला एक जोडी बूट आणि महिन्याला 300 रुपये पाकिटात. बापूंनी कुठं सही करायची म्हणून विचारलं. सर हसले. सही नव्हतीच कुठं.

हे सगळं परवा पुन्हा निघालं ते माझ्या भाच्यामुळं. तो अमेरिकेत केंटकी राज्यात लुईव्हिलला शिकतो, सुट्टीला आलाय. त्याला शेंगोळे खाऊ घालायला नेलं तर तो जेवायचं सोडून निळी वही चाळत बसला. ती अजून निळीच आहे. आता खुणा माईचा नातू करतो. भाचा म्हणाला, "मामा, तिकडं यासाठी लोक जेलमध्ये गेलेत. आमच्याच गावातलं प्रकरण."

मला ते थोडंफार ठाऊक होतं, उरलेलं त्यानं सांगितलं. सप्टेंबर 2017 मध्ये एफबीआय या तिकडच्या केंद्रीय तपास संस्थेच्या तपासावरून कॉलेज बास्केटबॉलच्या प्रकरणात दहा जणांवर आरोप ठेवले गेले. त्यात आदिदास कंपनीचा एक अधिकारी होता, जेम्स गॅटो. ब्रायन बोवेन नावाच्या पोरानं लुईव्हिलच्या संघात यावं म्हणून त्याच्या बापाला एक लाख डॉलर द्यायचं ठरलं, असा मुख्य आरोप. ऑक्टोबर 2018 मध्ये गॅटो आणि आणखी दोघं दोषी ठरले. मार्च 2019 मध्ये गॅटोला नऊ महिने आणि दुसऱ्या दोघांना सहा-सहा महिने. लुईव्हिलचा नामांकित प्रशिक्षक रिक पिटिनो याच्यावर खटला झाला नाही, पण नोकरी गेली.

हा तिकडं फेडरल गुन्हा, म्हणजे आपल्या भाषेत केंद्राचा. तिकडं बहुतेक गुन्हे राज्याच्या हद्दीतले. पण फसवणूक करताना फोन, ईमेल किंवा बँकेतला पैसा राज्याची सीमा ओलांडून गेला की 'वायर फ्रॉड' लागतो, आणि त्याला कमाल शिक्षा वीस वर्षं. वकील म्हणून मला एकच गोष्ट जाणून घ्यायची होती. फसवणूक म्हटली की कुणीतरी फसलेला लागतो. इथं फसलं कोण?

भाचा म्हणाला, "विद्यापीठ."

मी घास खाली ठेवला. विद्यापीठ! सरकारचं म्हणणं असं की पैसे घेतलेला पोरगा नियमानं खेळायला अपात्र. हे माहीत असतं तर विद्यापीठानं त्याला शिष्यवृत्ती दिली नसती. लपवून ती घ्यायला लावली म्हणून विद्यापीठाची मालमत्ता गेली. आरोपींचे वकील म्हणाले, अहो आम्ही तर विद्यापीठाला चांगला खेळाडू मिळवून देत होतो. ज्यूरीला ते पटलं नाही. जानेवारी 2021 मध्ये अपिलातही शिक्षा कायम राहिली.

गंमत म्हणजे याच्या उलटा निकालही त्याच देशात आहे. ऐंशीच्या दशकात नॉर्बी वॉल्टर्स नावाचा एजंट कॉलेजच्या फुटबॉलपटूंना गुपचूप पैसे देऊन करार करून ठेवायचा. त्याच्यावरही फेडरल खटला झाला, टपालातून फसवणूक केल्याचा. 1993 मध्ये शिकागोच्या अपील कोर्टानं त्याला सोडलं: विद्यापीठाकडून त्यानं स्वतःसाठी काही काढून घेतलेलं नाही, हा त्या निकालाचा गाभा. मला हे तर्कशास्त्र जास्त जवळचं वाटतं. निळ्या वहीत 1999 सालच्या माझ्या पानावर बोट ठेवून भाच्याला विचारलं, "या पानावर फिर्यादी कोण सांग. कॉलेज? कॉलेजनंच तर पैसे भरले."

तो पोरगा हुशार आहे, लगेच गप्प बसत नाही. म्हणाला, "आणि कोचनं पैसे खाल्ले तर?"

तिथं मी त्याच्या बाजूचा. त्याच प्रकरणात चार सहायक प्रशिक्षक होते. आपल्या खेळाडूंना ठरावीक आर्थिक सल्लागाराकडं, ठरावीक एजंटाकडं वळवायचं म्हणून त्यांनी पैसे घेतले. चौघांनी गुन्हा कबूल केला, त्यातल्या दोघांना तीन-तीन महिने झाले. ही लाचच. पोरगं कोचला बापाच्या जागी मानतं आणि कोच त्याची दलाली खातो. आपल्याकडंही याला नवा कायदा नको. 1988 च्या भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात विद्यापीठाचा शिक्षक आणि कर्मचारी लोकसेवक धरलाय, सरकारी मदत घेणाऱ्या शिक्षणसंस्थेची माणसंसुद्धा. संघात घ्यायला पाच हजार मागणारा निवड समितीवाला त्यात सरळ बसतो. पण 2018 च्या दुरुस्तीनंतर देणाराही आरोपी, सात वर्षांपर्यंत. दबावाखाली दिले असतील तर सात दिवसांच्या आत पोलिसांना किंवा अँटीकरप्शनला सांगायचं, मग सुटका. आता मला सांगा, सेलू-पाथरीकडच्या कुठल्या शेतमजुराला हे सात दिवस माहीत आहेत?

तसंच बोगस प्रमाणपत्राचं. सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, त्यामुळं कागदाला भाव आला. ट्रॅम्पोलिनची खोटी प्रमाणपत्रं लावून नोकऱ्या घेतल्याच्या बातम्या सगळ्यांनी वाचल्यात. खोटा कागद करणारा आत गेला पाहिजे, त्यावर माझं दुमत नाही, कारण खऱ्या खेळलेल्या एखाद्या पोराची जागा त्यानं खाल्ली. विद्यार्थ्यांच्या क्रीडा शुल्कातून 'चेंडू व जाळी' लिहून पैसा फिरवणाराही जबाबदार धरा. पण खेळणाऱ्या पोराला जेवण दिलं, हातात चार पैसे दिले, एवढ्यानं कुणी गुन्हेगार होत असेल तर माई 1998 पासून टोळीप्रमुख आहे.

जेवणावरून भाच्यानं आणखी एक सांगितलं आणि माईसुद्धा हसली. तिकडच्या कॉलेज खेळांची संस्था, एनसीएए, पूर्वी खेळाडूला मधल्या वेळचं खाणं म्हणून फळं, दाणे आणि बेगेल द्यायला परवानगी द्यायची. बेगेल म्हणजे मधे भोक असलेला कडक पाव. पण त्याला चीज किंवा लोणी लावलं की ते 'जेवण' व्हायचं आणि नियमभंग. म्हणजे कोरडी भाकरी चालेल, तिच्यावर लोण्याचा गोळा आला की चौकशी. 2014 मध्ये शबाझ नेपिअर या खेळाडूनं सांगितलं की काही रात्री तो उपाशी झोपतो. त्याच सुमारास त्याचा संघ देशाचा विजेता झाला होता! त्यानंतर काही दिवसांतच संस्थेनं जेवणावरची मर्यादा काढली.

आणि पैशाचं? अपिलात शिक्षा कायम झाली जानेवारी 2021 मध्ये. त्याच वर्षी जूनमध्ये तिकडच्या सुप्रीम कोर्टानं शिक्षणाशी जोडलेल्या लाभांवरची एनसीएएची बंधनं नऊ विरुद्ध शून्य मतांनी उडवली. 1 जुलैपासून खेळाडूला स्वतःचं नाव आणि चेहरा विकून कमवायची मुभा मिळाली. जून 2025 मध्ये एका तडजोडीला कोर्टानं मान्यता दिली आणि आता कॉलेजं खेळाडूंना थेट पैसे देतात. पहिल्या वर्षाची मर्यादा कॉलेजामागं सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलर. गॅटोनं केलं ते जसंच्या तसं आज कायदेशीर आहे असं मी म्हणत नाही, अटी आहेत, लपवाछपवी आजही चालत नाही. पण ज्या नियमाच्या जोरावर माणसं आत घातली तो नियमच पाच वर्षांत टिकला नाही. खासगी संस्थेच्या नियमपुस्तकाला फौजदारी कायद्याची काठी देऊ नये म्हणतात ते याचसाठी. पुस्तक बदलतं, भोगलेले महिने परत मिळत नाहीत.

बोवेनचं काय झालं म्हणून मी विचारलं. तो पोरगा कॉलेजच्या संघाकडून एकही सामना खेळू शकला नाही. त्यानं पुढं आदिदासवर दावा लावला, तोही हरला.

हे ऐकून मला माझं पान आठवलं, म्हणून नातवाला माळ्यावरून जुनी वही काढायला लावली. जानेवारी 2000 मध्ये नांदेडला आंतर-महाविद्यालयीन सामन्यात चढाईवाल्याचा घोटा धरला, वरून दोघं पडले आणि माझा उजवा गुडघा फिरला. लिगामेंट. सरांनी दवाखान्यात संत्री आणली. वहीत माझ्या नावापुढच्या खुणा 14 फेब्रुवारीला थांबतात. पाकीटही त्याच महिन्यापासून बंद. मी कुबडी घेऊन कॉलेजात गेलो तर बाबूनं फीची थकबाकी सांगितली. माफ केलेली फी! दाखवा म्हणाला कुठं लिहिलंय.

वकील झाल्यावर मी मनातल्या मनात हा दावा कितीदा तरी लिहून पाहिला. टिकत नाही. 1872 च्या करार कायद्याचं कलम 23: उद्देश बेकायदा किंवा लोकधोरणाविरुद्ध असेल तर करार शून्य. दोघंही चुकीत असतील तर कोर्ट कुणालाच हात देत नाही, आणि ज्याच्या हातात पैसा आहे त्याच्याच हातात तो राहतो. टेबलाखालून व्हायचं त्याची खरी झळ इथं बसते. पैसे मिळाले म्हणून मी कधी बिघडलो नाही. बंद झाले तेव्हा मागायला तोंड नव्हतं. उद्या हे फौजदारी केलं तर कुबडीवरचा पोरगा तक्रार करायला पोलीस ठाण्यात जाईल का? सहआरोपी व्हायला कोण जातं! त्यापेक्षा कॉलेजनं साध्या कागदावर लिहून द्यावं: एवढी फी माफ, एवढं मानधन, एवढी जेवणं, दुखापत झाली तर वर्षभर चालू. 2018 च्या प्रो कबड्डीच्या लिलावात हरियाणा स्टीलर्सनी मोनू गोयतला 1 कोटी 51 लाखांना घेतलं, आकडा सगळ्या देशानं टीव्हीवर बघितला. जिंतूरच्या पोराचे 300 रुपये तेवढे पाकिटात लपवायचे.

14 फेब्रुवारीनंतर मी जेवलो कुठं? इथंच. माईनं माझं नाव लाल वहीत घेतलं, काही न बोलता. तेरा महिने, महिन्याला 450 प्रमाणे 5,850 रुपये बाकी. परीक्षेच्या आधी तर ताटात तुपाची धार जास्त असायची. सनद मिळाल्यावर दुसऱ्या वर्षी पैसे घेऊन आलो. माईनं मोजून घेतले, दहाची एक फाटकी नोट बदलून मागितली आणि म्हणाली, "व्याज पण लागंल." मी म्हटलं किती. म्हणाली, "पाण्याला चांगलं पिंप नाही."

परवा भाच्यानं तिलाच विचारलं, "आजी, हा गुन्हा ठरवला तर तुम्हाला काय वाटतं?" माईचं वय आता ऐंशीच्या आसपास, कान चांगले आहेत. ती म्हणाली, "कुणाचा? माझा का त्या पोराचा?" भाचा अडखळला. मग तीच म्हणाली, "आधी मागच्या तीन महिन्यांचं बिल द्या म्हणावं, मग काय ते जेल-बिल करा."

म्हणजे निळ्या वहीचं अजून तसंच चाललंय. मी नातवाला म्हटलं, पुढच्या वेळी कॉलेजचा माणूस आला की खुणांखाली त्याची सही घे, तारीख टाकून. तो म्हणाला सही करत नाहीत ते, पण फोनवर पैसे पाठवायला लागलेत. मला हायसं वाटलं. फोनचा पैसा माग ठेवतो, कितीही चेंडू-जाळी लिहा.

तर पाचपैकी चार. जायचं असेल तर बुधवारी दीडच्या आत जा, दोनला शेंगोळे संपतात. गाडी गल्लीच्या तोंडाशीच लावा. एकट्या बाईमाणसाला बसायला आतली खोली आहे, तिथं पंखाही बरा आहे. सुट्टे न्यावे लागत नाहीत आता, स्कॅनर लावलाय.

निघताना मी हात धुतले, बूट चिखलात गेला आणि मी तोटीवरून कुरकुर केली. माई आतूनच ओरडली, "तुमचंच पिंप हाय वकीलसाहेब, तोटी तुम्हीच बदला." भाचा दोन दुकानं फिरून नवी तोटी घेऊन आला, 160 रुपयांची. पान्हा मात्र सापडला नाही, त्यामुळं ती अजून लाल वहीवर ठेवलेली आहे.